पात्याचा पट्टा

वडिलांनी आपल्या छोट्या विमानाचं जुनं इंजिन काढून टर्बाइन बसवलं, तेव्हापासून प्रॉपेलर साध्या झुळकेनंही गरगरायचा. म्हणून विमान उभं केलं की तो पट्ट्याने बांधावा लागे. वडील पलीकडून त्याचं पातं धरत आणि लेक पट्टा आवळत असे. तिने "बांधलं, बाबा" म्हटल्याशिवाय ते हात काढत नसत. मग हात झटकत, वळसा घालून अलीकडे येत आणि गाठ ओढून बघत. तिच्या गाठीवर त्यांचा कधी भरवसाच नव्हता.

शेवटच्या संध्याकाळी पातं धरलेलं असतानाच ते कोसळले. तिचे शब्द म्हणायचे राहून गेले. पट्टा नंतर विमानाची देखभाल करणाऱ्या मिस्त्रीकाकांनी बांधला.

आज विमान विकायचं होतं. गिऱ्हाईक बाहेर थांबलं होतं. मिस्त्रीकाकांनी पट्टा सोडून तिच्या हातात दिला आणि पातं ढकललं. ते हललं नाही. त्यांनी अंगाचा भार टाकून पाहिला.

"आत काही अडकलेलं नाही, पोरी. एका बोटाने फिरायला हवं हे. तुझ्या बापासारखंच हट्टाला पेटलंय."

गिऱ्हाइकाला थोपवायला ते बाहेर गेले. हँगरमध्ये ती एकटी उरली. ती पात्याच्या अलीकडे, आपल्या नेहमीच्या जागी जाऊन उभी राहिली.

"बांधलं, बाबा," ती हळूच म्हणाली.

पातं अलगद फिरलं.

पलीकडे कुणीतरी हात झटकले. मग पावलं विमानाच्या नाकाला वळसा घालून तिच्याकडे येऊ लागली, आणि पट्टा अजून तिच्याच हातात होता.