बाटलीतला धूर

डेल्मरने डुकराचा खांदा स्वयंपाकघरातल्या ओव्हनमध्ये शिजवला आणि वरून धुराच्या चवीचा बाटलीतला अर्क शिंपडला. जेवायला आलेल्या चर्चच्या मंडळींना मात्र त्याने बेधडक ठोकून दिलं, "चौदा तास हिकरीच्या लाकडाच्या निखाऱ्यांवर होता!"

मांस बोट लावताच हाडापासून सुटत होतं. पावात भरून घेत म्हाताऱ्या मिस आयोना म्हणाल्या, "बापाचं नाव राखलंस हो! तुमच्या परसातल्या मांस भाजायच्या भट्टीचा धूर सकाळीच दिसला मला रस्त्यावरून."

मांसावर व्हिनेगरचं सॉस वाढणारा डेल्मरचा हात थांबला. भट्टी तर त्याने पेटवलीच नव्हती.

कोपऱ्यात वडील दुखरे गुडघे चोळत बसले होते. त्यांचे हात काजळीने माखलेले होते. डेल्मर खाली मान घालून जवळ गेला.

ते हळूच म्हणाले, "थंड भट्टी दिसली असती रे लोकांना."