तीनशे बारा टेस्ट

तीनशे बारावी टेस्टही हिरवी, म्हणजे पास झाली आणि दवाखान्याचा प्रोग्राम तपासायला आलेल्या परीक्षक बाईंनी अहवालात लिहिलं, 'प्रोग्राममध्ये दोष नाही.' आता फक्त सही ठोकायची राहिली होती.

वॉर्डातल्या सलाइनचा वेग हा प्रोग्राम ठरवायचा. गेल्या आठवड्यात एका आजोबांना दुप्पट औषध गेलं. ते वाचले, पण खापर कुणाच्या तरी डोक्यावर फुटायला हवंच ना? वॉर्डातल्या सिस्टर म्हणत होत्या, मी आकडा बरोबर टाकला होता. चार वाजता चौकशी समिती बसणार होती. प्रोग्राम निर्दोष म्हणजे सिस्टर दोषी. अठरा वर्षांची नोकरी गेलीच समजा. बाईंना वाईट वाटलं. पण टेस्ट म्हणजे टेस्ट, तिथं दयामाया नाही.

तेवढ्यात कॉम्प्युटर विभागातला तंत्रज्ञ डोकावला. "मॅडम, प्रोग्राम परत टाकू ना? म्हणजे तुम्हाला सुरू करता येईल."

"परत म्हणजे?"

"सकाळीच या कॉम्प्युटरवरून काढून ठेवलाय. समितीला तो पुरावा म्हणून जसाच्या तसा हवा होता."

बाई स्क्रीनकडे बघतच राहिल्या. जो प्रोग्राम या कॉम्प्युटरवर नव्हताच, तो तीनशे बारा टेस्ट पास झाला होता.

घोळ कळायला वेळ लागला नाही. टेस्टच्या फोल्डरमध्ये बाईंनी सोयीसाठी प्रोग्रामची नवी, सुधारलेली प्रत ठेवली होती. टेस्ट दवाखान्यातला प्रोग्राम सोडून हाताशी असलेली तीच प्रत तपासत होत्या. सहा वर्षं बाई हा प्रोग्राम असलेल्या सगळ्या दवाखान्यांत असंच करत आल्या होत्या. फोल्डर टाका, अर्ध्या तासात काम फत्ते. या झटपटपणाचा त्यांना कोण अभिमान!

त्यानं दवाखान्यातला जुना प्रोग्राम परत टाकला. बाईंनी आपली प्रत उडवली आणि टेस्ट पुन्हा लावल्या. एकशे चाळिसावी लाल झाली. मध्येच वेग बदलला, की प्रोग्राम नव्या वेगात जुनाही मिळवत होता.

समितीनं सिस्टरना मोकळं केलं. बाहेरच्या बाकावर त्या पोटभर रडल्या. मग बाईंचा हात धरून म्हणाल्या, "ताई, तुमच्यामुळे वाचले हो. माझ्या दोन मैत्रिणींची नोकरी अशीच गेली, दुसऱ्या दवाखान्यांत. तिथं म्हणे सगळ्या टेस्ट पास झाल्या होत्या."

बाईंनी हात सोडवून घेतला.

"त्या दोघींचे पत्ते द्या मला."

"कशाला हो ताई?"

"ते अहवाल माझेच होते."