झटका न देता

शिंपीणबाईने दाराला लाथच घातली असती, पण दार काचेचं होतं आणि पायात चपला नव्या होत्या. म्हणून तिने ते नुसतं ढकललं.

रस्त्याच्या पलीकडे तिची मोठी बहीण फोन उघडून उभी होती. "सापडली की फक्त हाक मार," ती म्हणाली होती, "अर्ध्या तासात सगळ्या नातेवाइकांना कळवते." हा तिचा आवडता उद्योग. दुसऱ्याचं घर जळताना तिचे हात छान शेकायचे.

पुरावा भक्कम होता. शिंपीणबाईचा नवरा म्हणजे भूगोलाचे मास्तर, वय वर्षं एकोणपन्नास. आठ महिने रोज संध्याकाळी 'योगाला' जात होते. त्यांच्या पँटची कंबर तिनेच आपल्या मशीनवर तीनदा आत घेतली होती. इथवर ठीक. पण परवा ते आंघोळ करून निघाले, टॉवेल सरकला आणि तिला मांडीच्या आतल्या बाजूला निळे-जांभळे डाग दिसले. काखेतही तसेच. एकोणीस वर्षांच्या संसारात मांडीला असे डाग पडतील असं काही मास्तरांनी केलं नव्हतं. निदान तिच्यासोबत तरी नाही.

आत लांबलचक हॉल. जमिनीपासून छतापर्यंत स्टीलचे पाच चकचकीत खांब. दोन बायका भिंतीला टाचा टेकवून हातांवर उभ्या. आणि मधल्या खांबापाशी मास्तर. अंगात चड्डी. नुसती चड्डी, तीही नारिंगी, आणि तिच्या दुकानात शिवलेली नक्कीच नव्हे.

"झटका नको हं, सर," शिकवणारी पोरगी सांगत होती. "उडी मारून वर जाणं म्हणजे चोरी. पोटाच्या जोरावर जायचं. आणि उतरतानाही तसंच, सावकाश."

मास्तरांनी खांब काखेत दाबला, दोन्ही हातांनी आवळला. पाय जमिनीवरून सुटले. गुडघे छातीशी आले, ढुंगण वर, डोकं खाली. मग पाय फाकले आणि एक गुडघा खांबाला अडकला. शाळेत ज्यांच्या नुसत्या खाकरण्याने वर्ग गप्प व्हायचा, ते मास्तर वटवाघळासारखे उलटे लटकले.

"अहो!" एवढंच तिच्या तोंडून निघालं.

पोरगी गर्रकन वळली. "काकू, आत्ता एक शब्द नाही! दचकले तर मानेवर पडतील."

शिंपीणबाईने तोंड मिटलं. रस्ताभर घोकून आणलेलं भाषण आतच राहिलं. एकोणीस वर्षांत तिला असं कुणी गप्प बसवलं नव्हतं.

मास्तरांनी तिला पाहिलं. लाल झालेला चेहरा जांभळा पडला. खाली उतरल्यावर काय वाढून ठेवलंय ते त्यांना लख्ख दिसलं. म्हणून ते उतरेचनात. शेवटी दंड थरथरायला लागले तेव्हा नाइलाजाने निघाले, पण जमतील तेवढे हळू. इंच इंच. फाशीचा कैदी पायऱ्या चढतो तसे ते उतरत होते. पोटऱ्या लटपटत होत्या, घाम उलटा वाहत कपाळावर जात होता. शिंपीणबाईच्या लक्षात आलं, आपणही श्वास धरलाय. पडू नका, ती मनात म्हणत होती. पडू नका हो, मग बघते तुमच्याकडे.

चवडे जमिनीला टेकले. आवाजसुद्धा झाला नाही.

"सर!" पोरगी नाचायलाच लागली. "आठ महिन्यांत पहिल्यांदा झटका नाही! नाहीतर गोणीसारखे आदळायचे हो, काकू. तुम्ही रोज येत जा."

मास्तर चड्डी खाली ओढत समोर आले. "सांगणार होतो गं. पण तुझ्या ताईला कळलं असतं. मग माझ्या भावांना, मग शाळेला. मग हे बंद." ते खाली बघत म्हणाले, "जन्मात हे एकच मला जमायला लागलंय."

"बाई असती तर परवडली असती!" ती किंचाळली.

आणि स्वतःच थबकली. कारण ते खरं होतं. दुसऱ्या बाईच्या मागे लागलेल्या पुरुषाला लोक दोन दिवस शिव्या घालतात आणि तिसऱ्या दिवशी 'पुरुषाची जात' म्हणून पोटात घालतात. पण नारिंगी चड्डी घालून खांबाला लटकणाऱ्या मास्तराला? त्याच्या मयताला खांदा देतानाही हसतील. एवढे शहाणे लोक आपले. तिने मास्तरांच्या सोललेल्या तळहाताकडे पाहिलं, जवळ जाऊन त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं आणि ती बाहेर पडली.

बहीण रस्ता ओलांडून धावतच आली. "सापडली?"

"सापडली."

"मी म्हटलंच होतं! कशी आहे दिसायला?"

"उंच. सडपातळ. अंगावर चिंधी नाही."

"बाई बाई बाई! आणि हा मेला?"

"तिला घट्ट धरून. माझ्यादेखत. मला बघितलं तरी सोडायचं नाव नाही."

बहिणीचा अंगठा फोनवर शिवशिवायला लागला. "आणि तू? तू काय केलंस?"

"काय करणार, ताई? ह्यांना म्हटलं, सरळ घरीच घेऊन या तिला. छताचं माप मी घेऊन ठेवते."