फोटोपुरते बूट

फोटो निघाला तशी वच्छलाबाई खाली बसली. नात अक्षदाचा पाय मांडीवर ओढून तिनं नव्या बुटाची नाडी सोडायला घेतली.

"आज्जे, राहू दे ना!" अक्षदानं पाय आखडला.

"गप. परत द्यायचेत."

मुलींच्या मोफत वसतिगृहात अक्षदाला आजच जागा मिळाली होती. आजी तिला फुलंब्रीहून सोडायला आली होती. वाळूजच्या एका कारखान्याचे साहेब बूट वाटायला आलेले. त्यांचं भाषण मारुतीच्या शेपटासारखं लांबलं. मुलींनी टाळ्या वाजवल्या, बूट घातले, साहेबांभोवती उभ्या राहून हसल्या. आता साहेब चहा घेत होते आणि बाकीच्या मुली पटांगणभर नवे बूट वाजवत पळत होत्या.

एक बूट खोक्यात गेला. दुसऱ्यासाठी ओढाताण सुरू झाली. पोरगी रडकुंडीला आली, आजी इरेला पेटली. साहेबांनी कप खाली ठेवून वळून पाहिलं. वसतिगृहाच्या करुणा मॅडम धावतच आल्या. देणाऱ्यासमोर घेणाऱ्यानं रडून चालत नाही, पुढचं देणं आटतं, हे त्यांना पक्कं ठाऊक.

"आजी, काय चालवलंय? बूट तिचेच आहेत."

"आसं तवाबी म्हणायचे." वच्छलाबाईनं बुटावरची पकड सोडली नाही. "आमच्या बोर्डिंगात पाव्हणे आले की नवा झगा द्यायचे. पाव्हणे गेले की परत. म्या एक रात अंगावर ठेवला, तं दुसऱ्या दिशी घरी धाडलं. तिसरीतून. हिला नका धाडू, मॅडम."

"आता तसं नाही हो. खरंच तिचेच आहेत."

"साहेबाची गाडी जाऊ द्या. मंग सांगा."

तिघी तशाच थांबल्या. अक्षदाला हुंदका आवरत नव्हता. चहा संपला, नमस्कार झाले, गाडी फाटकाबाहेर वळली.

"तिचेच," मॅडम म्हणाल्या.

वच्छलाबाईनं त्यांच्या तोंडाकडं नीट पाहून घेतलं. मग खोक्यातला बूट नातीच्या पायात परत चढवला आणि दोन्ही नाड्यांना निरगाठ मारली. तिच्यावर दुसरी. तिच्यावर आणखी एक.

"आज्जे, लई आवळलं गं."

"आवळू दे," ती म्हणाली. "सैल ऱ्हायले की नेतेत."