चंदाबाईचा गुडघा

टबातल्या पाण्यात कुणाच्या तरी बरगड्या विरघळत होत्या. पल्लवीनं हातांना कॅरीबॅगा बांधल्या होत्या आणि ब्लिचिंगच्या पाण्यात ती एक्स-रेची फिल्म घासत होती. काळा थर शेवाळासारखा सुटत होता. छाती चांगली रुंद होती. डाव्या अंगाला वर एक पांढुरका डाग होता, रुपयाएवढा. त्यावर तिनं घासणी दोनदा जास्त फिरवली. तोही गेला.

"ही कुणाची हो, बाबा?"

"उकंडरावची." सोनाजी उंबऱ्यावर बसल्या बसल्या म्हणाला आणि खोकला.

"अगं माय! तो तर मागल्या साली गेला. मेलेल्याची फिल्म लग्नाच्या कार्डाला लावू?"

"धुतल्यावर कोन मेलेला न कोन जिता! समदे काच."

पल्लवी हसली. हसायला वेळ नव्हता तरी हसली. हिंगोलीच्या ज्योतीताईंना लग्नाची चाळीस कार्डं आज संध्याकाळच्या आत हवी होती आणि छत्तीसवरच फिल्म संपली होती. ही एक फिल्म म्हणजे चार कार्डं. कार्डं पोचली की पैसे हातात, आणि पैसे हातात आले की उद्या पहाटेच्या गाडीनं बाबाला नांदेडला छातीच्या डॉक्टरकडं न्यायचं, हे तिनं मनात पक्कं करून ठेवलं होतं. वीस वर्षं गिट्टीच्या खदानीत काढलेला माणूस. आता चार पावलं चालला की भिंत धरायचा. सोमवारी हिंगोलीला छातीचा फोटो काढायला एकटाच गेला आणि हात हलवत परत आला. म्हणे, मशीन बंद होती.

कार्डांवर पल्लवी जी शाई फुंकायची, ती मोठी नखरेल. स्पिरिटमधली. साध्या कागदावर टाकली की आत मुरते आणि चिखल होतो. तिला गुळगुळीत अंग लागतं, मग ती पसरते, पळते, काठाला जाऊन थबकते. त्यासाठीचा खरा कागद कुरिअरनं येतो आणि एका तावाच्या भावात दिवसभराच्या निंदणाची मजुरी जाते. म्हणून पल्लवीनं आपला जुगाड बसवला होता. मार्करच्या रिफिलची शाई, मेडिकलमधलं स्पिरिट, फुंकायला शहाळ्याची नळी, आणि कागदाच्या जागी एक्स-रेची धुतलेली फिल्म. खालून पांढरा पुठ्ठा चिकटवला की झालं.

फिल्मा डोंगरकडा गावात घरोघरी होत्या. कुणाच्या खाटेखाली, कुणाच्या पत्र्याच्या पेटीत. पण देईना कुणी. फुकट तर माणूस आपलं दुखणंसुद्धा देत नाही.

तेव्हा सोनाजी हॉटेलावर जाऊन बसला. हा साधा गडी नव्हता. डोंगरकड्याच्या केळीच्या एका घडावर आपली वरात बसून आली, दोन फण्या तर रिकाम्याच होत्या, असं शपथेवर सांगणारा. चहाची बशी फुंकत तो म्हणाला, "माझी पोरगी फिल्मा धुवून राहिली. फिल्म धुतली की डाग गेला. डाग गेला की दुखणं गेलं. बराबर आठ दिवसांत."

लोक हसले. चंदाबाई मात्र दुसऱ्याच दिवशी गुडघ्याची फिल्म पदराखाली घेऊन आली. आणि आठव्या दिवशी ती बाई नरसीला जाऊन, कुणाचा हात न धरता, नामदेवाच्या देवळाला पाच फेऱ्या मारून आली! मग काय, तातेरावचा बैलानं मोडलेला खुबा आला, पाटलाचा मुतखडा आला, कुणाकुणाच्या माना आल्या, कमरा आल्या. सोनाजी घरी येऊन खोकला लागेपर्यंत हसायचा. "येडी हाय दुनिया, पल्लवी. निव्वळ येडी."

पल्लवी फिल्मवरचा नावाचा कोपरा आधी कापून घ्यायची आणि खिळ्याच्या तारेत ओवून ठेवायची. कुणाचं नाव ब्लिचिंगमध्ये बुडवू नये, असं तिला वाटे. आजच्या फिल्मचा कोपरा आधीच कापलेला होता. बाबानं तेवढंच काम हलकं केलं, असं ती समजली.

फिल्म वाळली. तिनं निळ्याचा एक थेंब टाकला, वर स्पिरिटचे दोन, आणि नळीनं हळू फुंकलं. निळं पसरत गेलं, कयाधूचा पूर ओसरताना काठावर रेघ राहते तशी गडद रेघ ठेवून थांबलं. चाळिसांत ही चार कार्डं उजवी निघाली. सोनाजी उठून आला आणि बराच वेळ त्यांच्याकडं बघत राहिला.

हिंगोलीच्या गाडीला अर्धा तास होता. उद्याच्यासाठी बाबाचा सदरा धुऊन टाकावा म्हणून तिनं तो खुंटीवरून काढला, खिसा उलटा केला. बिडीबंडल. काडेपेटी. आणि बोटभर लांबीची फिल्मची काळी पट्टी.

तिनं ती दाराच्या उजेडात धरली. सोनाजी. पुरुष. वय चोपन्न. तारीख सोमवारची.

"बाबा," तिनं पट्टी त्याच्यापुढं धरली. "मशीन बंद व्हती म्हणले ना तुमी?"

सोनाजीनं भिंत धरली.

"काय म्हणला डॉक्टर?"

"म्हणला, लई उशीर केला."

"मंग काहून? माझ्याच हातानं काहून धुवून घेतली? थाप व्हती ती, बाबा! तुमचीच थाप व्हती!"

"माझीच." आयुष्यात पहिल्यांदा सोनाजीनं मान खाली घातली. एक निळं कार्ड उचलून त्यानं छातीशी धरलं, डाव्या अंगाला, वरच्या बाजूला.

"पन चंदाबाईचा गुडघा दुखायचा थांबला का न्हाई? खरं सांग, पोरी."