जागचं हलायचं नाही

दार बंद झालं तेव्हा पार्वताबाईंचा एक पाय चपलेत होता आणि दुसरा चप्पल शोधत होता.

गाडी अशी गार आणि स्वच्छ, की चपला काढून मांडी घातल्याशिवाय त्यांना राहवलं नव्हतं. पवनीच्या एसटीत बसावं तशा त्या ऐसपैस बसल्या होत्या. स्टेशन आलं. सून प्रतीक्षा उतरली, तिच्यामागे मुलगा प्रफुल्ल. "आई, चल" म्हणत तो वळला, तोवर दारं मिटली होती. काचेपलीकडे त्याचे ओठ हलले, आवाज काही आला नाही. मग तो फलाटासकट मागे गेला.

मोबाइल सुनेच्या पर्समध्ये. पासपोर्ट मुलाच्या खिशात. टोकियो एवढं एक नाव त्यांना पाठ होतं. हॉटेलचं येत नव्हतं, दोघं उतरले त्या स्टेशनाचंही नाही. आपल्या गावी, कोंढ्यात चुकल्या असत्या तर शेंबड्या पोरानंही सांगितलं असतं, ही चिंधूची घरवाली, हिला घरी सोडा. इथे त्या कुणाच्याच कुणी नव्हत्या. बुद्धाची मोठी मूर्ती दाखवतो म्हणून पोरानं हौसेनं आणलं, आणि मूर्ती दिसायच्या आधी आईच दिसेनाशी झाली.

त्यांनी सीटजवळचा स्टीलचा दांडा घट्ट धरला आणि मनाशी एकच घोकलं, जागचं हलायचं नाही.

नियम त्यांचाच होता. दरवर्षी दसऱ्याला गाव ट्रक करून नागपूरला दीक्षाभूमीवर जायचा, आणि ट्रकमधून उतरण्याआधी पार्वताबाई पोराला बजावायच्या, "चुकलास त जागचा हलू नको. मी येतो शोधत." एका वर्षी प्रफुल्ल खरंच चुकला. पुस्तकांच्या दुकानापाशी हात सुटला, आणि त्या माणसांच्या पुरात दिवस बुडेस्तोवर सापडला नाही. सापडला तेव्हा त्याच दुकानाच्या बांबूला मिठी मारून उभा होता. स्वयंसेवक म्हणाला, "बाई, याले मंडपात नेतो म्हटलं त बांबू सोडून नाई राहिला. आई इथंच येणार आहे म्हणते."

पण तो बांबू जमिनीत रोवलेला होता. इथे जागाच पळत होती. हलायचं नाही म्हणून बसावं, तर बसल्या बसल्याच माणूस लांब चाललं होतं. एकेक स्टेशन येत होतं, दारं उघडत होती, मिटत होती, आणि पोरगा मागे मागे पडत होता. उतरावं तरी पंचाईत, बसावं तरी पंचाईत. पिंजरा म्हणावा तर दार दर थोड्या वेळानं आपणहून उघडायचं, हीच त्या पिंजऱ्याची खोड.

शेजारच्या बाईच्या लक्षात आलं. चाळिशीची असेल. तिनं मोबाइलमध्ये काही बोलून तो पार्वताबाईंपुढे धरला, आणि मोबाइल चक्क हिंदीत बोलला, "आपको कहाँ जाना है?"

"कहीं नहीं जाना," पार्वताबाई म्हणाल्या. "मेरा लड़का पीछे उतर गया. मैं यहीं बैठूँगी."

बाईनं ते वाचलं, पुन्हा बोलली. मोबाइल म्हणाला, "अगले स्टेशन पर पुलिस है. कृपया मेरे साथ उतरिए."

बोलणं शहाण्याचं होतं. पार्वताबाईंना रडू फुटायला आलं. स्टेशन लागलं, दार उघडलं, बाईनं हळूच दंड धरला. त्या उठल्या. दोन्ही पायांत चपला होत्या या खेपेला. एक पाय फलाटावर पडणार, तोच त्यांना तो बांबू आठवला. त्या पोरालाही शहाणी माणसंच न्यायला आली होती. ते एवढंसं पोर हललं नाही आणि आता मायनं हलावं?

त्यांनी दंड सोडवून घेतला आणि परत आपल्या जागी येऊन बसल्या.

फलाटावरून ती बाई क्षणभर बघत राहिली. मग काहीतरी सुचल्यासारखी हसली आणि हवेत बोटानं एक गोल काढला. दार मिटलं. डोकं फिरलं म्हणते माझं, पार्वताबाईंनी मनात म्हटलं. फिरलंच असेल.

मग त्यांनी बाहेर बघणं सोडून दिलं. इमारती सरत होत्या, माणसं चढत होती, उतरत होती. आता कोंढा काही दिसत नाही, आपली माती इथेच व्हायची, असं त्यांच्या मनानं घेतलं. भीती एवढी झाली की शेवटी डोळेच मिटले. दांडा मात्र सोडला नाही.

"आई. उतर."

त्यांनी डोळे उघडले. समोर दार उघडं, आणि दाराबाहेर प्रफुल्ल. त्यानं हात धरून त्यांना बाहेर घेतलं. मागे प्रतीक्षा उभी होती, रडून नाक लाल झालेली.

"बहुत दूर गेली होती रे मी," पार्वताबाई म्हणाल्या. "इतक्या दूर कसा आलास तू?"

"मी कायले येऊ? हे आपलंच स्टेशन आहे." प्रफुल्ल म्हणाला. "खळ्यावर धान चुरणाऱ्या बैलावानी आहे ही गाडी. गोल फिरते अन् जिथून निघाली तिथंच येते. तू मधात उतरली असतीस त कुठी शोधलं असतं तुले?"

"मी किती म्हटलं पोलिसाकडे जाऊ, स्टेशनच्या मोठ्या साहेबाले सांगू," प्रतीक्षा म्हणाली. "एक नाई ऐकलं यांनी. येईल ती गाडी पाहून राहिले होते. म्हणे, आई काही उतरत नाई, अन् मी काही हालत नाई."

पार्वताबाईंनी लेकाकडे पाहिलं. त्याचा एक हात त्यांच्या हातात होता. दुसऱ्या हातानं त्यानं फलाटावरचा खांब अजून धरून ठेवला होता.