चौथं प्रकरण

बडनेरा स्टेशनाबाहेर झोळी घेऊन उभ्या असलेल्या म्हाताऱ्याला मैथिलीने बरोबर ओळखलं. बाहेरगावच्या परीक्षकांना घेऊन येणं, जेवू घालणं, हे पीएचडी करणाऱ्याच्याच गळ्यात पडतं. पत्रात नुसतं ‘डॉ. पी. टी. ठोसर’ होतं, फोन लागत नव्हता आणि उतरलेल्यांत विद्वान दिसणारा हा एकच.

“सर, विद्यापीठात ना?”

“तिकडूनच जायचं हाये मले,” म्हणत तो स्कूटीवर बसला.

एवढा मोठा माणूस वऱ्हाडी बोलतो, याचं तिला अप्रूप वाटलं.

अमरावतीत घरी तिने पोळी, दही वाढलं. तो पोटभर जेवला. मग म्हणाला, “काय लिवलं तू?”

वाचूनही विचारतात, म्हणजे परीक्षा इथेच सुरू झाली. मैथिली सावरून बसली.

“हिब्रू ग्रंथांतल्या देवदूतांवर, सर. भर उन्हात अब्राहामाच्या तंबूपाशी तिघे येतात, जेवतात, त्याच्या म्हाताऱ्या बायकोला मूल होईल म्हणून सांगतात. ते कोण होते? चौथ्या प्रकरणात मी म्हणते, साधे वाटसरू. निरोप मोठा, म्हणून लोकांनी त्यांना देवदूत केलं. माझ्या मार्गदर्शकांना, खुशालराव सरांना ते खपत नाही. प्रकरण मागे घे, नाहीतर पदवी विसर म्हणतात.”

“मंग घेऊन राहिली मागे?”

तिने मान खाली घातली. पाच वर्षं घातली होती या कामात. माघारीचं पत्र सही करून पर्समध्ये तयार होतं.

“तुले खरं वाटते ना? मंग काहून भेतं त्याले? नको घेऊ.”

खुद्द परीक्षकच असं म्हणाल्यावर आता कोणाला भ्यायचं?

विद्यापीठाच्या फाटकाशी तो उतरला. “तू हो पुढं,” म्हणाला.

आत परीक्षकांची खुर्ची रिकामी होती. खुशालरावांनी हात पुढे केला.

“ठोसर येण्याआधी ते पत्र दे.”

मैथिलीने पत्र काढलं आणि सगळ्या विभागादेखत फाडलं.

“ते वाटसरूच होते, सर. पदवी अडवायची तर अडवा. मी एक ओळ मागे घेणार नाही.”

खुशालरावांचा चेहरा लालबुंद झाला. पाच वर्षांत पहिल्यांदाच तिला त्यांची भीती वाटली नाही.

तेवढ्यात दार ढकलून घामाघूम झालेल्या एक बाई आत आल्या आणि त्यांनी बॅग टेबलावर ठेवली.

“मी ठोसर. बडनेऱ्याला तासभर उभी होते. मला घ्यायला कोणीच कसं आलं नाही?”